ताणात बोलणारा डबा

यंदाही बगिच्याचं पाणी बंद झालं आणि माझं डोकं उठलं.

ज्यांच्या घरी संत्र्याची झाडं नाहीत त्यांना हे जरा सांगावं लागतं. थंडी पडायला लागली की आमच्या आर्वीकडे संत्र्याच्या झाडांचं पाणी तोडतात. झाड धडधाकट, विहिरीला पाणी, टाकी काठोकाठ, आणि झाडाला थेंब द्यायचा नाही. याला ताण देणं म्हणतात. पानं आधी मलूल होतात, मग दुपारच्या उन्हात वळतात, मग पिवळी होऊन गळू लागतात. झाड तहानेनं पार कासावीस झालं की संक्रांतीच्या मागेपुढे पाणी सोडायचं. मग फांदी न फांदी फुलांनी भरते. तो आंबिया बहार. ताण मध्येच तुटला, चार दिवस जरी कुणी पाणी सोडलं, तर झाड फुलांऐवजी नुसती कोवळी पानं फेकतं. त्याला नवती म्हणतात. दिसायला फार सुंदर असते आणि ती दिसली की त्या वर्षीचा बहार गेला असं बागायतदारानं समजायचं.

पण डोकं उठलं ते झाडांमुळे नाही. समीरमुळे. समीर आमचा टीम लीड, पुण्यात बसतो. आमची कंपनी ठिबकचे डबे बनवते. जमिनीतली ओल मोजायची, टाकीतून किती पाणी गेलं ते मोजायचं, त्याप्रमाणे झडपा उघडायच्या आणि बंद करायच्या, एवढं काम करणारा करड्या रंगाचा डबा. त्याच्या पोटातला प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांत मी एक. आर्वीत बसून, घरून. तर काल मीटिंगमध्ये समीरनं सुचवलं की डब्यानं रोज सकाळी शेतकऱ्याला ‘सुप्रभात, मी ठीक आहे’ असा मेसेज पाठवावा. डबा फार गप्प असतो, लोकांना वाटतं तो मेला. सोबत एखाद्या फुलाचं चित्रही पाठवता येईल, असं तो अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. मी कॅमेरा बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले.

आमच्या धंद्यात निरोपांचं वेड आहे. प्रोग्रॅम चालताना तो काय करतोय हे बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याच्याकडून ठिकठिकाणी निरोप लिहून घेतात. त्याला लॉग म्हणतात. नुसती माहिती असेल तर एक पायरी, इशारा असेल तर वरची, चूक असेल तर तिच्याही वर, आणि सगळं संपलं असेल तर शेवटची. कल्पना शहाणपणाची आहे. पण माणसं लिहितात काय? ‘इथपर्यंत आलो.’ त्याच्याखाली ‘इथपर्यंतही आलो.’ अरे, आलास तर आलास, सत्कार करायचा का? एका जुन्या प्रोग्रॅममध्ये मला ‘बघू’ एवढाच निरोप सापडला होता. तो लिहिणारा नोकरी सोडून गेला होता, त्यामुळे त्याला काय बघायचं होतं ते कळलं नाही.

निरोपांपेक्षा माझा जीव जडला आहे तो असर्शनवर. मी त्याला खात्रीची ओळ म्हणते. प्रोग्रॅम लिहिताना आपण कितीतरी गोष्टी गृहीत धरत असतो. इथे हा आकडा शून्य नसणार, तिथे ही झडप बंदच असणार. ते मनात न ठेवता सरळ लिहून टाकायचं की या ठिकाणी हे खरं असलंच पाहिजे. मग प्रोग्रॅम धावताना दर वेळी ती ओळ स्वतः तपासतो. खोटी निघाली की आहे तिथे थांबतो आणि कुठली खात्री मोडली ते सांगतो. एखादा माणूस स्वतःच्या समजुती अशा उघड्यावर मांडून ठेवतो आणि त्या खोट्या ठरल्या तर मला थांबवा म्हणतो, हे मला फार प्रामाणिकपणाचं वाटतं. माणसांत असं करणारं कुणी मला अजून भेटायचं आहे.

गेल्याच्या आदल्या वर्षी याच दोन गोष्टींनी मिळून आमच्या बगिच्याचा घात केला.

बाबांच्या बगिच्यात डबा बसवायचा हट्ट माझाच. आमचं शेत आर्वीपासून स्कूटीनं अर्ध्या तासावर, आई-बाबा तिथेच राहतात. बाबांचे गुडघे गेलेले, विहिरीवर जा, या ओळीची झडप उघड, त्या ओळीची बंद कर, हे त्यांना झेपेना. म्हणून चाचणीसाठीचा एक डबा मी तिथे लावून घेतला. डबा बोलका होता. मोबाईलशी बोलणारा भाग माझ्याकडे होता, आणि निरोप कमी करा म्हणून मी घसा फोडून सांगितलं होतं. तेव्हा साहेबलोकांचं म्हणणं पडलं की डबा काम करतोय हे ग्राहकाला दिसलं पाहिजे. मग ताण सुरू झाल्यावर बाबांच्या फोनवर सकाळ-संध्याकाळ, जेवताना, झोपताना एकच निरोप येऊ लागला. झडप बंद आहे. सर्व ठीक. झडप बंद आहे. सर्व ठीक.

“दिवसभर बोलते तुहा डब्बा,” बाबा मला फोनवर म्हणाले होते. “बंद हाये, बंद हाये. बंद हाये तं राहू दे न बंद. म्या काय उघडाले चाललो का?”

आणि त्यांनी तो निरोपांचा आवाज कायमचा बंद करून टाकला. मी त्यांच्या जागी असते तर फोन विहिरीत टाकला असता.

इकडे समीरनं त्याच प्रोग्रॅममध्ये एक खात्रीची ओळ लिहून ठेवली होती. जमिनीतली ओल अमुक आकड्याच्या खाली जाणारच नाही. गेली तर समजा सेन्सर बिघडला, आणि सेन्सर बिघडला तर झाडं मरू नयेत म्हणून झडपा उघडा आणि रोज ठरावीक पाणी द्या. याला त्यानं नाव दिलं होतं सुरक्षित स्थिती. मोठ्या मायेनं लिहिलेली ओळ होती ती. फक्त समीर लहानाचा मोठा झाला फ्लॅटमध्ये, आणि झाडाला मुद्दाम तहानेलं ठेवणारी माणसं या जगात आहेत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ताण पुरता बसला, काळी जमीन भेगाळली, ओल त्या आकड्याखाली गेली. प्रोग्रॅमनं ‘ही परिस्थिती शक्य नाही’ असा निरोप पाठवला आणि झडपा उघडल्या. तो निरोप बाबांच्या गप्प केलेल्या फोनमध्ये ‘सर्व ठीक’च्या ढिगाऱ्याखाली जाऊन पडला.

आता ताणात बगिच्याकडे कुणी फिरकत नाही, हा आमच्याकडचा रिवाज आहे. काम नसतं हे एक. आणि सुकलेलं झाड रोज बघितलं की हात झडपेकडे जातो हे दुसरं. म्हणून जुनी माणसं त्या दिवसांत बगिच्याकडे पाठच फिरवतात. बाबा तुरीच्या शेतात होते. घरात तुरीचे सोले, उकडलेल्या शेंगा, अंगणात शेकोटी, सगळं आनंदात चाललेलं, आणि तिकडे बगिचा पोटभर पाणी पीत होता.

“पोरी, पाणी कोनं सोडलं व?” बाबांचा फोन आला तेव्हा मी आर्वीच्या डेपोसमोर पेरू घेत होते.

“मी नाई सोडलं, बाबा.”

“मी बी नाई सोडलं. मंग?”

जाऊन बघितलं तर सगळ्या झाडांवर नवती. लुसलुशीत, पोपटी, उन्हात चमकणारी. त्या वर्षी बहार आला नाही. कुठे दोन-चार चुकार फुलं आली, तीही उन्हाळ्याआधी झडली.

यानंतर समीरनं जे केलं त्याचा राग मला अजून आहे. त्यानं ती खात्रीची ओळच काढून टाकली. म्हणाला, प्रत्यक्ष वापरात अशा तपासण्या कशाला, त्या आपल्या टेबलावर ठीक आहेत, शेतात गेल्यावर त्या बंदच ठेवाव्यात. सगळे असंच करतात. हे खरं आहे की सगळे असंच करतात, आणि म्हणूनच मला कपाळ आपटावंसं वाटतं. त्या ओळीनं आपलं काम चोख केलं होतं. तिनं सांगितलं होतं की तुम्ही जे अशक्य धरलंत ते इथे घडतंय. ऐकणाऱ्यानं कानात बोळे घातले, लिहिणाऱ्यानं तिची जीभ कापली, आणि दोघांचंही म्हणणं की आता कसं छान शांत वाटतंय.

बाबांनी तर वायरच उपटली. वर जेवताना, भाकरीचा घास मोडता मोडता म्हणाले, “आता येक वर्ष पाहतो. बहार आला तं आला. नाई तं जेसीबी लावतो, झाडं काढतो, अन सोयाबीन पेरून मोकळा होतो.”

त्या कलमांचे खड्डे खणले तेव्हा मी शाळेत होते, सुट्टीत माठातून पाणी नेऊन घालायचं काम माझं होतं. पण बाबा उगाच धमकी देणाऱ्यांपैकी नाहीत. आजूबाजूचे दोन बगिचे असेच गेले होते. बाहेर काढलेली झाडं धुऱ्यावर, बांधाला लागून, मुळं वर करून पडलेली असत आणि आम्ही तिकडे न बघता पुढे जायचो.

मी त्या उन्हाळ्यात प्रोग्रॅम नव्यानं लिहायला घेतला. समीरशी भांडून, वेळ मागून, त्याच्या ‘पण का’ला उत्तरं देऊन. ताण ही एक स्वतंत्र अवस्था केली. माणसानं ताण सुरू केला असं डब्याला सांगायचं. मग जमीन कितीही कोरडी झाली तरी डब्यानं हूं की चूं करायचं नाही. आणि नवी खात्रीची ओळ लिहिली, उलट्या बाजूनं. ताण चालू असताना टाकीतून पाणी बाहेर जाता कामा नये. गेलं तर निरोप, तोही फोन वाजवून, आणि बाबांबरोबर मलाही. बाकी सगळं बोलणं बंद. सर्व ठीक असेल तर गप्प बसायचं, ही साधी रीत त्या डब्याला शिकवायला मला जितके दिवस लागले तितक्यात एखादं पोरगं चालायला शिकलं असतं.

थंडी आली. म्हणजे गेल्या वर्षीची, ज्या ताणाबद्दल मी हे सगळं सांगत बसले आहे तो. वायर पुन्हा जोडू द्या म्हणून मी बाबांच्या मागे लागले. त्यांनी जोडू दिली, पण तोंड वाकडं करूनच. ताण सुरू झाला आणि डबा गप्प झाला.

“मेला का व तुहा डब्बा?” आठवड्याभरात बाबांचा फोन.

“नाई बाबा. सगळं ठीक हाये म्हून बोलत नाई तो.”

“मंग ठीक हाये, असं बोलाले काय होते त्याले?”

मी फोन ठेवला आणि डोळे मिटून बसले. समीरचंही तेच, कंपनीच्या हैद्राबादच्या एका गिऱ्हाइकाचंही तेच. बोललं तर कटकट, नाही बोललं तर मेला. मी नोकरी सोडून आर्वीच्या बाजारात शेंगदाणे विकायला बसावं, असं त्या दिवसांत मला अनेकदा वाटून गेलं.

मग एका सकाळी माझा फोन वाजला. ताण चालू असताना टाकीतून पाणी जात आहे.

मी तडक बाबांना फोन लावला. ते म्हणाले की काही गेलंबिलं नाही, मीटर वेडं झालं असेल. समीरनं आकडे बघितले आणि म्हणाला, “अगं, किती थोडं पाणी आहे हे. मीटरचा थरथराट असेल. मर्यादा वाढव, निरोप येणार नाही.”

“निरोप येऊ नये म्हणून लिहिलाय का मी तो?”

“मग काय करणार आहेस?”

“जाऊन बघणार आहे.”

दुसऱ्या सकाळी उजाडायच्या आत स्कूटी काढली. वाटेत पुन्हा तोच निरोप, त्याच सुमारास. रस्त्यावर धुकं, कापसाच्या गाड्या, हातमोज्यातूनही बोटं बधिर. मनात एकच घोळत होतं, की या वर्षीही ताण तुटला तर बगिचा गेला, आणि तो माझ्या डब्याच्या नाकासमोर गेला. झडप गळत असेल का, उंदरानं नळी कुरतडली असेल का, की माझ्याच ओळीत काही चुकलं असेल.

टाकीच्या नळीला, मीटरच्या पुढे, पिण्याच्या पाण्यासाठी एक नळ आहे. तिथे आई उभी होती. डोक्यावर लुगड्याचा पदर घट्ट गुंडाळलेला, नळाखाली बादली. बादली भरली, तिनं ती उचलली, आणि टाकीशेजारच्या संत्र्याच्या झाडाच्या आळ्यात सावकाश ओतली. मग पुन्हा नळाखाली ठेवली.

मी भान सोडून ओरडले. “आई, हे काय करून राह्यली तू?”

ती दचकली नाही. “तू इतक्या सकाळी कायले आली?”

“ताण चालू हाये न. पाणी काऊन देते?”

“येकालेच देतो व. बाकीच्याइले कुठं देऊन राह्यली मी?”

“पण काऊन?”

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू हा प्रश्न विचारायची वेळ माझ्यावर यावी याचंच तिला वाईट वाटत होतं. “मले पाहवत नाई,” ती म्हणाली. “इतके झाडं तोंड वासून उभे राह्यते अन टाकी भरलेली. सगळ्याइले देऊ शकत नाई मी, मालूम हाये मले. म्हून येकाले देतो. येवढ्याशा पाण्याचं बी तुह्या डब्ब्याले कयते का?”

कळतं, म्हटलं. तेवढंच कळतं त्याला. ती हसली नाही. पानं वळायला लागली की रोज याच वेळेला येते, म्हणाली. किती वर्षं, असं मी विचारलं. तिनं हात हवेत उडवला. आदल्या वर्षी सगळा बगिचा पाणी पीत होता ते दिसलं नाही का, तर म्हणाली, बाकीच्यांकडे ती बघतच नाही. बाबांना माहीत आहे का, असं विचारलं तर म्हणाली, “त्याइले काय मालूम पडते.”

मी चिडलेली होते, आणि चिडायला माझ्याजवळ कुणी उरलं नव्हतं. त्या झाडाखाली बसले. आजूबाजूला सगळ्या झाडांची पानं वळलेली, रंग उडालेला, आणि माझ्या डोक्यावर हिरवीगार, भरगच्च सावली. ते झाड फारसं फळत नाही हे मला लहानपणापासून माहीत होतं. बाबा त्याला आळशी म्हणायचे. दर वर्षी नवती, नाही म्हणायला चार फळं. का, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

दुपारी मी बाबांना गोठ्याशी गाठलं आणि सांगितलं की मीटर वेडं नाही.

“हो,” ते म्हणाले.

“तुमाले मालूम हाये?”

“टाकीपाशी गेलो का माती वली दिसते न. आंधळा हावो का मी?”

“मंग मी फोन केला तवा सांगतलं काऊन नाई? मले वाटलं बगिचा गेला. रात्रभर झोप नाई मले.”

बाबा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, “पयल्या साली ताण देला तवा तुह्या मायनं भांडण केलतं माह्यासंगं. तीन दिवस जेवली नाई. चौथ्या दिवशी मी शेतातून आलो तं सारा बगिचा वला. तिनंच सोडलं होतं पाणी. बहार गेला त्या साली. मंग पुढच्या साली मी पाह्यलं का ती येका झाडाले पाणी देते अन बाकीच्याइकडे पाहत नाई. म्या काईच बोललो नाई. ते येक झाड हाये म्हून बाकीच्याचा ताण होते, पोरी. तुह्या डब्ब्याले सांग तसं.”

डब्याला कसं सांगणार. खात्रीच्या ओळीत एकतर पाणी जातं किंवा जात नाही. मी संध्याकाळी आईच्या बादलीनं पाणी मोजलं, तेवढ्याची सूट दिली आणि समीरला पाठवलं. निरोप येऊ नये म्हणून मर्यादा वाढवणार नाही असं ठणकावणारी मी, तेच करत होते. समीर खुश झाला. पण तो काटेकोर माणूस आहे, हे त्याचं मला मानावंच लागतं. त्यानं विचारलं, हा आकडा कुठून आला? गळती असेल तर गळती दुरुस्त करू, ही सूट कायम ठेवायची नाही. मी लिहिलं, तात्पुरती आहे, बहार आला की काढू. मला खरंच तसं वाटत होतं. आईला समजावता येईल असं वाटत होतं.

पाणी सोडलं तेव्हा बाबांनी स्वतः उभं राहून सोडलं. नंतरचे दिवस घरात कुणी बगिच्याचं नाव काढलं नाही. बाबा रोज जायचे आणि आल्यावर चपला काढता काढता पायाकडे बघत बसायचे. मी विचारायची नाही, ते सांगायचे नाहीत. डब्याचं मौन सहन न होणारा हा माणूस स्वतः मात्र महिनाभर एक निरोप देईना. शेवटी एका सकाळी आईनंच फोन केला. ये म्हणाली, लवकर ये.

बांधावरूनच वास आला. मधमाश्यांनी सगळा बगिचा गजबजलेला, आणि पानं दिसू नयेत इतकी पांढरी फुलं. बाबा एका ओळीच्या टोकाला पाठमोरे उभे होते. त्यांचे खांदे हलत होते, म्हणून मी तिकडे गेले नाही. टाकीकडे गेले. आई तिच्या झाडाशी उभी होती. तेवढं एकच झाड हिरवं होतं, फुलांशिवाय. ती त्याची एक फांदी खाली ओढून बघत होती, कुठे कळी आहे का ते.

“आई,” मी म्हटलं, “पुढच्या साली याले बी ताण देऊन पाहू. याले बी येईल बहार.”

तिनं फांदी सोडली. बगिच्यावरून एकदा नजर फिरवली. त्या सगळ्या पांढऱ्यावरून, बाबांच्या पाठीवरून.

“अन मंग मी कोणाले पाणी देऊ?” ती म्हणाली.

मी तिथेच उभी राहून समीरला कळवलं की ती सूट तात्पुरती नाही.